सल्ला: ‘नाव सोडा’ म्हणून बड्या टेक कंपनीची नोटीस आली आहे

प्रश्न: नमस्कार सर. मी आणि माझा मोठा भाऊ मिळून वाद्य शिकणाऱ्यांसाठी एक छोटं ॲप चालवतो. रोज किती सराव झाला, कुठला भाग अडला, पुढच्या शिकवणीआधी काय पक्कं करायचं, याची नोंद त्यात ठेवता येते. तीन वर्षं झाली, वापरणारे बऱ्यापैकी आहेत. गेल्या वर्षी नाव आणि बोधचिन्ह यांच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. तो जाहीर झाला आणि पाठोपाठ एका बड्या टेक कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. आमच्या नावाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या एका सेवेच्या नावासारखा आहे, असं त्यांचं म्हणणं. मागण्या पाच: १४ दिवसांत अर्ज मागे घ्या, नाव वापरणं थांबवा, डोमेन आमच्या हवाली करा, सोशल मीडियावरची खाती बंद करा आणि असं नाव पुन्हा कधीही घेणार नाही, असं लिहून द्या. दादा म्हणतो लढायचं. लिंडोज नावाची संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) काढणाऱ्या कंपनीला मायक्रोसॉफ्टने नावाच्या भांडणात २ कोटी डॉलर मोजले होते, आपणही आपली किंमत सांगू, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, नाव सोडून द्यावं आणि शांत झोपावं. एक गोष्ट वकिलांनाही सांगितलेली नाही. नाव ठरवताना मी दादाला मेसेज केला होता, ‘त्यांच्यासारखं वाटतंय, पण चालेल ना?’ तो काढून टाकू का? सोबत अर्जाची आणि पत्राची प्रत जोडली आहे.

उत्तर: मेसेज काढू नका. शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ आहे, याला नाही. वाद उभा राहिल्यावर पुरावा नाहीसा करणं हे त्या मेसेजपेक्षा कितीतरी महागात पडतं. मेसेज गायब झाल्याचं उघड झालं, की त्यात सगळ्यात वाईट तेच लिहिलेलं असणार, असं धरून चालायला समोरचा मोकळा होतो. आणि तो मेसेज तुम्हाला वाटतो तितका घातकही नाही. एखादं नाव दुसऱ्यासारखं वाटलं म्हणजे त्या दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायचं होतं, असा अर्थ होत नाही. पण हेतू काय होता, हे अशा खटल्यांत तपासलं जातं. म्हणून ती ओळ वकिलांच्या कानावर आजच घाला. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. तो मेसेज उद्या समोरच्यांनी काढून दाखवला आणि तुमच्या वकिलांना तो तेव्हा पहिल्यांदा कळला, तर कठीण होईल.

आता ते १४ दिवस. ही मुदत त्या वकिलांनी स्वतःच घातलेली आहे, कुठल्या कायद्यात ती नाही. उत्तर जायला हवं, पण घाबरून काही लिहून द्यायचं कारण नाही. जिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं ती मुदत नोंदणी कार्यालयाची. अर्ज जाहीर झाल्यावर हरकत घ्यायला अमेरिकेत ३० दिवस, युरोपीय संघात ३ महिने आणि भारतात ४ महिने मिळतात. हरकत दाखल झाली की तुमची पाळी. भारतात हरकतीची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, दिलं नाही, तर अर्जदाराने अर्ज सोडून दिला, असंच धरतात. अमेरिकेत उत्तर दिलं नाही तर निकाल एकतर्फी विरोधात जाऊ शकतो. कित्येक छोटे अर्जदार मुद्द्यावर यायच्या आधी तारखेवरच हरतात. तुमच्या पत्रात फक्त इशारा आहे, हरकत दाखल केल्याचा उल्लेख नाही. ती दाखल झाली आहे का, हे कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक घालून दोन दिवसांआड बघत जा.

हे पत्र तुम्हाला आलं म्हणजे कुणी तुमचं ॲप उघडून बघितलं आणि संतापलं, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. जाहीर होणाऱ्या अर्जांवर नजर ठेवणाऱ्या सेवा असतात. मिळतीजुळती नावं त्या चाळून काढतात आणि यादी वकिलांकडे जाते. तिथे ठरावीक साच्याचं पत्र तयारच असतं, त्यात नावं बदलतात. टेक ट्रान्सपरन्सी प्रोजेक्ट या संस्थेच्या मोजणीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत एकट्या ॲपलने २१५ ट्रेडमार्क अर्जांवर हरकती घेतल्या. मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन आणि गूगल या चौघांच्या मिळून त्या काळात साधारण १३६ होत्या. या कंपन्या सांगतात की आम्ही हरकत घेतली नाही तर आमचंच चिन्ह (ट्रेडमार्क) दुबळं होतं. यात तथ्य आहे. मिळतीजुळती नावं बाजारात मोकाट वाढू दिली तर पुढे कोर्टात ‘हे नाव फक्त आमचं’ म्हणणं अवघड जातं. पण प्रत्येक मिळत्याजुळत्या नावावर कुऱ्हाड घालायलाच हवी, असं कुठलाही कायदा सांगत नाही. समोर छोटा माणूस आहे, तो खर्चाला भिऊन माघार घेईल, हा हिशेबही त्यात असतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणूनच पत्रं सुटत राहतात.

तेव्हा त्या पाच मागण्या एका वजनाच्या समजू नका. पाचही एकदम मागायच्या आणि मिळेल ते घ्यायचं, ही वकिली रीत आहे. त्यांना मनापासून हवी असलेली गोष्ट बहुधा एकच असते, आणि ती पत्रात सरळ लिहिलेली नसते. तुमच्या बाबतीत ती कोणती, हे मला पत्रापेक्षा तुमच्या अर्जात जास्त स्पष्ट दिसलं.

अर्जातलं मालाचं आणि सेवांचं वर्णन काढून बघा. वर्ग ९ खाली लिहिलं आहे: ‘डाउनलोड करता येणारं संगणक सॉफ्टवेअर, मोबाइल ॲप्लिकेशन्स, माहिती साठवण्याचं, पाठवण्याचं आणि शेअर करण्याचं सॉफ्टवेअर’. वर्ग ४२ खालीही तसंच, ‘क्लाउडवरून पुरवलेलं सॉफ्टवेअर’. त्यात वाद्य नाही, सराव नाही, विद्यार्थी नाही. ट्रेडमार्कसाठीच्या माल आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एकूण ४५ वर्ग आहेत, आणि सॉफ्टवेअरवाल्यांची सगळी गर्दी या दोन वर्गांत. कागदावर तुम्ही त्या कंपनीच्या दारातच मांडव घातला आहे. अर्ज भरणाऱ्याने ‘जास्त लिहिलं तर जास्त संरक्षण’ या हिशेबाने ते ठोकून दिलं असणार. त्या कंपनीच्या जागी मी असतो, तर मीही पत्र पाठवलं असतं.

गंमत म्हणजे वर्णन फुगवण्याची ही खोड मोठ्यांना जास्त आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या स्काय कंपनीने २०१६ मध्ये स्कायकिक या बऱ्याच छोट्या कंपनीवर दावा लावला. स्कायकिकचं काम एवढंच, की ऑफिसांचं ईमेल क्लाउडवर हलवून द्यायचं आणि त्याचा बॅकअप ठेवायचा. स्कायकिकने उलट स्कायच्याच नोंदण्या उघडून दाखवल्या. त्यांत सॉफ्टवेअर तर होतंच, पण कपडे पांढरे करायची रसायनं आणि चक्क चाबूकसुद्धा होते! दोघांनी पुढे आपसांत मिटवलं, तरी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाच: जे विकायचा इरादाच नाही, त्याच्यावरही हक्क सांगणारा भरमसाट अर्ज करणं हा अप्रामाणिकपणा ठरू शकतो. तुमच्या वकिलांना हे दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. आपलं वर्णन छाटायचं, आणि समोरचे ज्या नोंदण्यांवर विसंबून आहेत त्यांची वर्णनंही तपासायची.

माझं मत असं, की तुम्ही आपण होऊन वर्णन आवळा. ‘वाद्यवादनाच्या सरावाची नोंद आणि नियोजन करण्यासाठीचं मोबाइल ॲप्लिकेशन’, बस. यात तुमचं काहीच जात नाही, कारण दुसरं काही तुम्ही विकतच नाही. त्यांच्या मनातली भीती मात्र बरीच कमी होते. वर्णन कमी करायला बहुतेक कार्यालयं परवानगी देतात. वाढवायला देत नाहीत, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने एकदाच आणि नीट करा.

बोधचिन्हाचंही तसंच. २०२० मध्ये ॲपलने प्रीपेअर नावाच्या पाककृतींच्या ॲपवर हरकत घेतली होती. त्यांच्या चिन्हात हिरवं नासपती आणि वर एक पान होतं. पाच जणांची कंपनी ती. वकिलांच्या खर्चापायी त्यातल्या एकाला कामावरून कमी करावं लागलं. त्यांनी लोकांपुढे गाऱ्हाणं मांडलं, अडीच लाखांहून जास्त सह्या जमल्या. २०२१ मध्ये मिटलं ते कशावर? पानाचा आकार थोडा बदलला, एवढंच. नाव तेच राहिलं, नासपती तेच राहिलं. फेसबुकची टिंगल करणाऱ्या लेमबुक या साइटचं भांडणही २०११ मध्ये असंच मिटलं: नाव ठेवा, पण आमचा तुमचा संबंध नाही हे ठळक लिहा. तुमच्या चिन्हातला तो निळा गोल पाहिला. त्यांच्या सेवेच्या चिन्हातही निळा गोल आहे. तो तुम्हाला इतका प्रिय आहे का?

दादाच्या लिंडोजबद्दल. रक्कम त्याने बरोबर सांगितली, पण गोष्ट अर्धी. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या अखेरीस दावा लावला, तेव्हा लिंडोजचा बचाव असा होता, की ‘विंडोज’ हा पडद्यावरच्या चौकटींसाठी संगणकवाले आधीपासून वापरत आलेला साधा शब्द आहे, तो कुणाच्या मालकीचा नाहीच. २००२ मध्ये कोर्टाने मायक्रोसॉफ्टला तातडीची मनाई द्यायला नकार दिला. पुढे खटला अशा वळणावर आला, की विंडोज १९८५ मध्ये बाजारात येण्याआधी तो शब्द सर्वसाधारण वापरात होता का, हे ज्युरी ठरवणार. निकाल उलटा गेला असता तर मायक्रोसॉफ्टचं सगळ्यात मोठं नावच धोक्यात होतं. ते २ कोटी डॉलर त्या धोक्याचे होते. शिवाय लिंडोजचा संस्थापक त्याआधी एमपीथ्री डॉट कॉम ही कंपनी विकून आलेला, अडीच वर्षं वकील पोसायची त्याची ऐपत होती. आणि २००४ मध्ये पैसे घेऊन त्याने काय केलं? नाव सोडलं, कंपनी लिनस्पायर झाली. नाव वाचवण्याची गोष्ट म्हणून दादा जी सांगतोय, त्यात नाव वाचलेलंच नाही.

तुमच्याकडे असा हुकमाचा पत्ता नाही. तुमच्या नावातला तो शब्द शब्दकोशात आहे खरा, पण त्यांच्या सेवेचं वर्णन करणारा नाही. तो मोडीत निघायची त्यांना धास्ती नाही.

किंमत सांगण्याबद्दल तर दादाला हात जोडून सांगतो, लेखी तर नाहीच नाही, फोनवरही नाही. २००३-०४ मध्ये कॅनडातल्या १७ वर्षांच्या माइक रो या मुलाने स्वतःच्या नावाला ‘सॉफ्ट’ जोडून डोमेन घेतलं. उच्चार थेट मायक्रोसॉफ्टसारखा. कंपनीच्या वकिलांनी डोमेनचे १० डॉलर देऊ केले, चिडून त्याने १०,००० मागितले. लगेच २५ पानी नोटीस आली, आणि त्याच मागणीवर बोट ठेवून म्हटलं, की पैसे उकळायलाच डोमेन घेतलं होतं. वर्तमानपत्रांनी त्या पोराची बाजू उचलून धरली म्हणून शेवटी एक्सबॉक्स (गेम खेळायचं यंत्र) वगैरे देऊन गोडीत मिटलं. तुमच्याजवळ तर तो मेसेजही आहे. मेसेज आणि किंमत हे दोन कागद एकाशेजारी एक ठेवून बघा, कसे दिसतात.

म्हणजे लढूच नये का? तसं नाही. एका जॅझ वादकाने लढून दाखवलं आहे. तो १९८५ पासून ‘ॲपल जॅझ’ हे नाव वापरत होता. ॲपलने २०१५ मध्ये ॲपल म्युझिक सुरू केलं आणि त्या नावाखाली प्रत्यक्ष मैफलींसाठीही हक्क मागितला. आधार दिला १९६८ पासूनच्या, विकत घेतलेल्या एका जुन्या चिन्हाचा. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट या अपील कोर्टाने सांगितलं, की ते जुनं चिन्ह ध्वनिमुद्रिकांचं होतं, मैफलींसाठी ते पुढे ओढता येणार नाही. वादक जिंकला. त्याचा खटला त्याचा वकील भाऊच चालवत होता, हे मात्र लक्षात घ्या. जून २०२५ मध्येही कानात घालायची उपकरणं करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या तक्रारीवरून ओपनएआयला ‘आयओ’ हे नाव तात्पुरतं थांबवावं लागलं. दोन्हींत छोटा आधीपासून होता आणि कागद त्याच्या बाजूने होते. तुमचं ॲप तीन वर्षांचं, त्यांची ती सेवा त्याहून जुनी. आधी कोण, या प्रश्नावर तुम्ही हरता. ‘गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो का’ या प्रश्नावर तुम्ही टिकू शकता, आणि तिथेच उभं राहायचं.

त्यासाठी दादाच्या रागाला काम द्या. ॲप पहिल्यांदा कधी टाकलं त्याची नोंद, जुने स्क्रीनशॉट, शिक्षकांची पत्रं, जाहिरातीची बिलं, सगळं तारखेसकट एका जागी लावायला सांगा. वापरणाऱ्यांकडून आलेले ईमेलही चाळा. तीन वर्षांत एकाने तरी तुम्हाला त्या कंपनीचा भाग समजून काही विचारलं आहे का? नसेल तर ते तुमच्या बाजूचा बळकट पुरावा आहे. असेल तर तेही वकिलांना द्या.

१४ दिवसांच्या आत जायचं उत्तर छोटं असू द्या आणि वकिलांच्या सहीने जाऊ द्या. ‘पत्र मिळालं, तुम्ही कुठल्या नोंदण्यांच्या आधारे बोलता, त्यांचे क्रमांक आणि वर्ग कळवा, आमचे सर्व हक्क राखून आम्ही विषय तपासतो आहोत.’ एवढं पुरे. नाव का आणि कसं सुचलं, त्याची कहाणी नको. माफी नको, टोमणे नकोत. बिनबुडाच्या धमकीबद्दल उलट दावा करायची सोय ब्रिटन, भारत अशा काही देशांच्या कायद्यांत आहे, आणि दादाने ती कुठेतरी वाचून ठेवली असेल, तर तूर्त वाचूनच ठेवू द्या. पुढचं पत्र मात्र तुमच्याकडून प्रस्तावाचं जावं: वर्णन आवळतो, निळा गोल काढतो, संबंध नसल्याची ओळ घालतो, तुम्ही हरकत घेऊ नका आणि नाव राहू द्या. याला सहअस्तित्वाचा करार म्हणतात, आणि अशी भांडणं कितीतरी वेळा तिथेच थांबतात.

एका गोष्टीची मला कोर्टापेक्षा जास्त काळजी वाटते. ॲप स्टोअरवर ट्रेडमार्कची तक्रार करायला साधा फॉर्म असतो. कोर्टाची पायरी न चढता तुमचं ॲप तिथून उतरवलं जाऊ शकतं, आणि ते परत चढेपर्यंत वापरणारे दुसरीकडे गेलेले असतात. म्हणून स्टोअरकडून येणारे ईमेल ज्या खात्यावर येतात ते रोज बघा, आणि वापरणाऱ्यांशी थेट बोलता येईल असा त्यांच्या परवानगीचा ईमेल पत्ता तुमच्याकडे असू द्या. प्रीपेअरसारखं लोकांपुढे जायची वेळ आलीच, तर तेव्हाही हीच यादी कामाला येईल. पण आत्ता जाहीर पोस्ट नको. बोलणी चालू असताना भर चौकात गाऱ्हाणं मांडलं, की समोरच्यांना मागे हटणं अवघड होतं. आणि तुमचा मेसेज उद्या बाहेर आला तर आज सह्या करणारेच तुमच्यावर उलटतील.

आता तुमचं म्हणणं, नाव सोडून देण्याचं. ते काही कमीपणाचं नाही, त्यांनी प्रस्ताव धुडकावला तर मीही तेच सांगेन. ॲप नावावर चालत नाहीये, ते चालतंय शिक्षक एकमेकांना सांगतात म्हणून. पण सोडायचं तर फुकट आणि १४ दिवसांत नाही. नाव बदलायला निदान सहा महिने मागा, वर्ष मागून बघा. जुनं डोमेन तेवढा काळ नव्याकडे वळतं राहिलं पाहिजे. नाव बदलण्याच्या प्रत्यक्ष खर्चाचा वाटा मागायला हरकत नाही, तो बिलांसकट मागितला तर खंडणी वाटत नाही. पाचवी मागणी, ‘असं नाव पुन्हा कधीही नाही’, ही मात्र जशीच्या तशी मान्य करू नका. ‘असं’ म्हणजे कसं, हे अक्षरांसकट लिहून घ्या, नाहीतर पुढच्या प्रत्येक नावाला त्यांना विचारावं लागेल. आणि नवं नाव ठरवताना आधी शोध घ्या, मग चिन्ह रंगवा.

कराराआधी अजून एक. चीनमध्ये ‘आयपॅड’ हे चिन्ह प्रोव्ह्यू नावाच्या कंपनीकडे होतं. ॲपलने मध्यस्थ कंपनी पुढे करून २००९ मध्ये ते प्रोव्ह्यूच्या तैवानमधल्या कंपनीकडून ३५,००० पौंडांना घेतलं. पण चीनमधली नोंदणी शेनझेनमधल्या कंपनीच्या नावावर होती, आणि तिने आम्ही काही विकलं नाही म्हणून हात वर केले. २०१२ मध्ये ॲपलला ६ कोटी डॉलर मोजावे लागले. हे आठवायचं कारण तुमच्याच अर्जात आहे. अर्जदार म्हणून एकट्या दादाचं नाव आहे, ॲप मात्र तुम्ही लिहिता त्याप्रमाणे दोघांचं, आणि स्टोअरवरचं खातं तुमच्या एकटीच्या नावावर दिसतं. नाव नक्की कुणाच्या मालकीचं, हे समोरच्यांनी विचारलं तर आज तुमच्याकडे उत्तर नाही, आणि काही देशांत एवढ्यावरून अर्ज रद्दही होतो. पहिलं उत्तर जाण्याआधी हे वकिलांकडून निस्तरून घ्या.